दोनशे कोनांना हळद

कलाबाईंनी चूक केली ती मायेनं केली, आणि मायेनं केलेली चूक निस्तरायला लय जड जाते बघा. अंबडच्या दोऱ्याच्या कंपनीत त्या पॅकिंगला. पोर्तुगालच्या एका बूट कारखान्याची पहिली ऑर्डर, पांढऱ्या दोऱ्याचे दोनशे कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर गुंडाळलेली रिळं, आज संध्याकाळी निघायची होती. माल पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला तर निम्म्या मशीन बंद आणि बावीस बाया घरी. आणि कलाबाईंनी काय करावं? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दोनशेच्या दोनशे कोनांना हळदीचं बोट लावलं! सासरी निघालेल्या पोरीला लावतात तसं.

"अहो बाई, हे काय करून ठेवलंत?" मालकीण प्रतिभा मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "भावात आपण चीनला गाठू शकत नाही. थोडा माल, पण चोख आणि वेळेवर, एवढ्याच जिवावर उभे आहोत. आणि त्यावर पिवळे डाग?"

कलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा नवा दोरा गुंडाळायला दोन दिवस लागले असते.

"मॅडम, गच्चीवर ऊन दाखवू," त्या कशाबशा म्हणाल्या. "उन्हात हळद टिकत नाय. लग्नातल्या साड्या आम्ही अशाच काढतो."

ऑक्टोबरचं ऊन, काय विचारता! कोन ओळीनं मांडले, डाग उन्हाकडे करून. कलाबाई टाकीच्या सावलीत राखणीला बसल्या. दिंडोरीकडून मंद वारा येत होता. डोळे जडावले, आणि त्यांना दिसलं, एका कोनाचा दोरा आपसूक सुटला, द्राक्षबागांवरून तरंगत समुद्रापार गेला. तिकडे खिडकीशी चष्मेवाली एक बाई बूट शिवत होती. तिनं सुईत दोरा ओवला, ओढून पाहिला आणि विचारलं, "कुणाच्या हातचा गं हा?"

"माझ्या," कलाबाई झोपेतच बोलल्या.

"बाई, उठा!"

मॅडम उन्हात उभ्या होत्या. त्यांनी एकेक कोन फिरवून पाहिला. एकावरही डाग नव्हता. खाली नेऊन दोरा मशीनवर ताणून पाहिला, ताकदही पुरेपूर भरली.

कोन खोक्यात भरताना मात्र कलाबाईंना रडू फुटलं. "बिनहळदीचीच चालली हो पोर बिचारी, परक्या मुलखात," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

मॅडम केबिनमध्ये गेल्या आणि देवापुढची हळदीची वाटी घेऊन आल्या.

"आतून लावा. पुठ्ठ्याच्या पोकळीत. तिथं दोरा नाही."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. आणि हात उचला, गाडी साडेपाचला आहे."

मॅडम एकेक कोन पालथा धरत होत्या, कलाबाई आत बोट फिरवत होत्या. शेवटचा कोन राहिला तशी मॅडमनी वाटी आपल्याकडे ओढली.

"हा मी लावते," त्या म्हणाल्या. "मलाही फार भीती वाटतेय, बाई."