घरात माणसं किती

बाबांनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली आणि त्यांची माणसांची मोजणी एकदाही चुकली नाही, असं ते स्वतःच सांगत. आता सांगायला दुसरं कोणी नसेल तर माणसानं स्वतः सांगावं, त्यात लाज कसली! दवाखान्यात गेले तरी आधी बाकावरची डोकी मोजत, मग बसत. घरातून सगळ्यांनी निघायचं झालं की दारावर दोन थापा मारत. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आई त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची. आईला जाऊन आता नऊ आठवडे झाले होते.

लेकीला परदेशातल्या एका विकास संस्थेत दहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती, तीही आई असतानाच. घरोघर जाऊन पिण्याच्या पाण्याची आणि मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायचं काम. आईनं हरखून सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वर्दी दिली होती. आता निघायला दोन दिवस उरले होते आणि बाबांनी एकदा जरी ‘नको जाऊस’ म्हटलं असतं, तर ती गेली नसती. तसं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पण बाबा तोंडातून ब्र काढत नव्हते. बॅगेचं वजन तेवढं चार वेळा करून झालं होतं.

संस्थेनं सरावासाठी एका घराचा फॉर्म भरून मागितला होता. सकाळी तिनं बाबांनाच समोर बसवलं.

“नीट उत्तरं द्या हं बाबा. थट्टा नको.”

“विचारा, साहेब.”

“घरात माणसं किती?”

“तीन.”

तिचं पेन थबकलं. नियम असा होता की समोरच्याला दुरुस्त करायचं नाही, तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा.

“म्हणजे... या घरात रोज जेवणारी माणसं किती?”

“सांगितलं ना, तीन. लिही.”

नियम गेला खड्ड्यात. “बाबा, अहो आई...”

“माहीत आहे मला. डोकं फिरलेलं नाही माझं.” ते टेबलावर सांडलेलं पाणी बोटानं पुसत राहिले. “दोन लिहिलंस, तर परवा तू गेल्यावर एकच उरतो. एकाचं घर असतं का गं? तिघं धर. तिघांतून एक गेलं, तरी दोघं राहतात.”

तिनं पेन खाली ठेवलं.

“मग म्हणा ना, नको जाऊस म्हणून!”

“पुढचा प्रश्न विचार,” बाबा म्हणाले.

तिनं तीन लिहिलं. चूक आहे हे ठाऊक असून लिहिलं.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या बसचा ड्रायव्हर बाबांच्या जुन्या ओळखीचा निघाला. “मास्तर, आज तुम्हीच सोडा गाडी,” तो हसत म्हणाला. बाबांनी खाली उभं राहून खिडक्यांतून आतली डोकी मोजली. त्यांचे ओठ हलताना तिला दिसले. मग त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

एक.

ड्रायव्हरनं सवयीनं गिअर टाकला, गाडी हातभर सरकली, पण दुसरी थाप आलीच नाही. त्यानं ब्रेक दाबला. सगळे पुढे कलंडले.

बाबांचा हात पत्र्यावर तसाच होता, बस धरून ठेवल्यासारखा. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जे तोंडानं म्हणवलं नाही ते हातानं म्हटलं होतं, आणि हे त्या अख्ख्या गाडीत फक्त तिला कळलं. ती ताडकन उठली.

“अहो, सोडताय की नाही?” मागचा एक जण वैतागला.

ती दारापर्यंत पोहोचली, तेवढ्यात थापा पडल्या. दोन. खणखणीत, नियमाप्रमाणे.

गाडी निघाली. ती दारालगतच्या सीटवर कोसळली आणि लोकांसमोर हमसून हमसून रडली. मागच्या काचेतून बाबा दिसत होते. बोट हलवत ते स्टॉपवरची माणसं मोजत होते, आणि तिथे त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.