झोई नाव कुठून आलं

“तुमच्यातला एक मानूस विश्वास ठेवनार न्हाय, ह्ये आधीच सांगतो,” पाळण्याची दोरी धरून केसरीनाथने जाहीर केलं. “पन झोई नावाची पोर मी या डोळ्यांनी पायलीय. आपल्या मानकोलीच्या काट्यावर!”

बायका फिदीफिदी हसल्या. हसणारच. मानकोलीच्या वजनकाट्यावर केसरीनाथने एकतीस वर्षं ट्रक तोलले. पावतीवर लिहिलेला आकडा कधी चुकला नाही, आणि तोंडाने सांगितलेला कधी बरोबर निघाला नाही. त्याने हत्तीण तोलली होती, तिच्या पोटातलं पिल्लू वेगळं तोललं होतं. एका श्रावणात काट्यावर ढग उतरला होता. तो साडेतीन टन भरला आणि पावती न घेताच निघून गेला.

आज टेमघरच्या घरात त्याच्या नातीचं बारसं होतं. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका जमल्या होत्या. नुसतं नाव तेवढं ठरायचं होतं.

सुनेच्या, मृणालीच्या, मोबाइलवर ग्रीक नावांची यादी होती. डाफ्नी, थालिया, हेलेना, पेनेलोपी. हे खूळ तिच्या डोक्यात घातलं होतं सासऱ्यानेच. “आजकाल ग्रीक नावं चालतात म्हने. जुनी, खानदानी. बघ जरा,” असं तो आठ दिवस तिच्या मागे लागला होता. सासरा एवढा मॉडर्न निघाला म्हणून मृणालीला कौतुक वाटलं. ती एकेक नाव वाचायची आणि हा मान हलवायचा. शेवटी ती ‘झोई’पाशी आली. “म्हणजे जीवन, आयुष्य,” तिने वाचलं. “ह्ये बरं हाय,” केसरीनाथ म्हणाला. जणू पहिल्यांदाच ऐकत होता.

खरं तर ते नाव त्याच्या मुलीने दिलं होतं. करिष्माने.

नऊ वर्षांपूर्वी करिष्माने बोटींवर वेल्डिंग करणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं आणि त्याच्यामागे पार ग्रीसला गेली. तेव्हा याच हॉलमध्ये उभं राहून केसरीनाथने सांगितलं होतं, “तिचं नाव या घरात कोनी काढायचं न्हाय.” त्याचा शब्द एरवी कोणी मनावर घेत नसे. हा एक मात्र सगळ्यांनी पाळला. मुलाने, हितेशने पाळला. थोरल्या बहिणीने, आक्काने पाळला. बायकोने तर मरेपर्यंत पाळला.

मग गेल्या दिवाळीत एका लांबलचक नंबरावरून फोन आला आणि त्याने उचलला. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी “दत्ताच्या देवळात जाऊन येतो” म्हणत तो बाहेर पडायचा आणि खाडीच्या बांधावर बसून बोलायचा. करिष्मा तिथे एका म्हातारीला सांभाळत होती. तिला भरवायची, फिरवायची, तिची नखं कापायची. म्हातारीचं नाव झोई. “नीट काप गो, रक्त काढशील,” तो म्हणायचा. फोन ठेवल्यावर मात्र स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा.

नात झाली तेव्हा करिष्मा म्हणाली, “बाबा, नाव ठेवायचा मान आत्याचा. माझं येनं काय होनार न्हाय. निदान नाव तरी माझं ठेवा.” नऊ वर्षांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट. त्याने “ठेवलं म्हनून समज” असं सांगून टाकलं. पण हे नाव कोणी दिलं ते सांगायचं, तर आधी स्वतःच घातलेली बंदी मोडायला हवी होती. ढग तोलणारी जीभ तिथे उचलतच नव्हती.

“बाबा, झोई काय झोई?” हितेश वैतागला. “शाळेत पोरं चिडवतील तिला.”

“काका, लवकर काय ते ठरवा,” भावना म्हणाली. ती केसरीनाथची पुतणी; आत्याच्या जागी आज तिला उभं केलं होतं. “बाळाच्या कानात नाव सांगायचं, पाठीत धपाटे खायचे आणि मग जेवायचं. मला भूक लागलीय.”

“धपाटे आधी देऊ का? तेवढाच नाश्ता!” मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांचं लक्ष आक्काकडे होतं. ऐंशीची आक्का खुर्चीत बसून पान कुटत होती. या घरात शेवटचा शब्द तिचा. केसरीनाथच्या दोन्ही मुलांच्या कानात नाव सांगितलं होतं ते तिनेच.

“नाव ग्रीक असो नायतर कुठलं असो,” ती म्हणाली. “पन त्या नावाचं एकतरी मानूस आपल्या वळखीचं पायजे. वळख ना पाळख, पोरीला हाक कशी मारायची?”

म्हणून केसरीनाथला झोई उभी करावी लागली.

“शहान्नव साल,” त्याने सुरुवात केली. “बंदरातून एक कंटेनर आला. कागदावर येक वजन, काट्यावर येक. साठ-सत्तर किलो जास्ती! मी डायवरला म्हनलं, खोल दरवाजा. तर आत कोन? ग्रीक बोटीचा कॅप्टन! मांडीवर चार वर्साची पोर. आत झोपली होती दोघं, वरून कुलूप लागलं.”

“आणि सत्तर किलोत दोघं?” हितेश.

“उपाशी होती रे! आठ दिवस ऱ्हायली मंग आपल्याकडं. कॅप्टन निजायचा, पोर माझ्यामागं. तीच ही झोई.”

“आम्ही कशी न्हाय पायली?” भावनाने विचारलं.

“तू पाळन्यात व्हतीस. काय पोर व्हती! सुका जवळा असल्याबिगर भात खायची न्हाय. झोपताना माझ्या कानाची पाळी धरायची. सोडवली की जागी.”

हसणं हळूहळू थांबलं. पान कुटण्याचा आवाजही थांबला. केसरीनाथचं मात्र लक्ष नव्हतं.

“मी ड्युटीवर गेलो की डबा घेऊन मागं यायची. ट्रक उतरला की पळत जाऊन काट्याच्या मधोमध उभी. आता ट्रकचा काटा तो, त्याला पोर काय कळनार? कंदी दहा दाखवायचा, कंदी वीस. कंदी कायच न्हाय. शून्य दिसलं की रडायला लागायची. मंग मी खिडकीतून वराडायचो, तीस! तीस भरलीस! की खूश. रोज इचारायची... एवढीशी...”

त्याने हात कमरेइतका खाली धरून उंची दाखवली.

“रोज इचारायची, बाबा, माझं किती भरलं?”

हात तसाच हवेत राहिला, खाली कोणी उभं असावं तसा.

आक्काने खलबत्ता बाजूला ठेवला.

“केसरी,” ती म्हणाली, “कॅप्टनची पोर तुला बाबा कशाला म्हनंल? ती करिष्मा व्हती.”