पंजा फुलला की चेंडू मंद

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे. बेसबॉलचा, डाव्या हाताचा आणि मनात डूख धरणारा. शेवटचं आधीच सांगितलेलं बरं, नंतर तक्रार नको.

मेक्सिकोच्या उत्तरेकडे एका कारागिराने मला शिवलं आणि रामिरो नावाच्या पिचरने हातात चढवलं. पिचर म्हणजे, क्रिकेटवाल्यांनो, तुमचा बॉलर. फक्त टप्पा न पाडणारा. चेंडू टाकण्याआधी तो त्यावरची पकड माझ्या पोटात लपवतो. ते गुपित राखणं हीच माझी नोकरी. रामिरो अकरा वर्षं व्यावसायिक लीगमध्ये खेळला. तो जिंकला की लोक त्याच्या उजव्या हाताचं कौतुक करत. मला कोणी विचारलं नाही, हेही माझ्या लक्षात आहे. तो मात्र प्रत्येक सामन्यानंतर मला तेल चोळायचा.

चूक माझ्याकडूनच झाली. मंद चेंडूसाठी रामिरो आतल्या आत बोटं फाकवायचा, तेव्हा मी मोरासारखा फुलायचो. वेगवान चेंडूला मिटलेला असायचो. हे फक्त ओक्टाव्हियोला दिसलं. तो रामिरोच्याच संघाचा कॅचर, म्हणजे तुमचा विकेटकीपर, आणि जिवाभावाचा मित्र. एकदा मला हातात घालून तो हसत पुटपुटला, "काय रे चुगलखोरा!" रामिरोला मात्र अवाक्षर बोलला नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात गेला. अंतिम सामन्यात त्याच्या संघाने रामिरोचा एकेक मंद चेंडू ओळखून प्रेक्षकांत भिरकावला. आठवड्याभरात रामिरोला नारळ मिळाला. का, ते त्याला कळलंच नाही. मला माहीत होतं, पण चामड्याला तोंड कुठलं?

फिरत फिरत आम्ही जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या एका छोट्या क्लबात आलो. एव्हाना रामिरोचा खांदा कुरकुरत होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं, हा शेवटचा सीझन. क्लबचा स्कोअरर होता नागेश, कार कारखान्यातला पुण्याचा इंजिनिअर. त्याची बायको ईश्वरी मोबाइलवर सामने चित्रित करायची.

"अहो स्कोअरर," ती एकदा म्हणाली, "सगळं लिहिता, पण बघत काही नाही. हा ग्लोव्ह फुलला की बॉल हळू येतो. पाच वेळा बघितलं मी."

"गेनाऊ, अगदी बरोबर! अगं, त्याला कुणी सांगितलं कसं नाही?"

नागेशने रामिरोला व्हिडिओ दाखवला. त्याने तो तीनदा पाहिला. मग फक्त एवढंच विचारलं, "हॅम्बर्गच्या संघात ओक्टाव्हियो नावाचा नवा खेळाडू आलाय ना?"

"हो. रविवारी त्यांच्याशीच मॅच. नवीन ग्लोव्ह घेऊ या का?"

"छे! त्या दिवशी हाच लागेल."

त्या आठवड्यात त्याने मला दोनदा तेल लावलं. मी समजलो.

रविवारी शेवटच्या डावात आमची एका धावेची आघाडी, त्यांचा एक जण बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, आणि शेवटचा बॅटर ओक्टाव्हियो. त्याचा एक मोठा फटका बसला की सामना गेला, आणि रामिरोचा सूडही.

"कोम्पाद्रे, दोस्ता, अजून तोच पंजा?" तो ओरडला.

मी फुललो. खरंच मंद चेंडू आला. ओक्टाव्हियोने सणसणीत मारला, पण रेषेबाहेर. असा फटका बॅटरची चूक धरतात. तीन झाल्या की बाद. पुन्हा फुललो, पुन्हा मंद, पुन्हा रेषेबाहेर. इकडे नागेशची पेन्सिल मोडली.

तिसऱ्यांदा मी फुललो. आयुष्यात इतका कधी फुललो नव्हतो. ओक्टाव्हियो निवांत वाट पाहत राहिला. आणि दुखऱ्या खांद्यात शिल्लक होता नव्हता तेवढा सगळा वेग घेऊन चेंडू सुटला. बॅट हलेपर्यंत तो कॅचरच्या हातात होता. तिसरी चूक, ओक्टाव्हियो बाद, सामना आमचा.

हस्तांदोलनाला ओक्टाव्हियो आला, तेव्हा रामिरोने त्याच्यासमोर मला सावकाश फुलवलं, मिटलं, पुन्हा फुलवलं. ओक्टाव्हियोचा चेहरा उतरला. ईश्वरीने तेही चित्रित केलं. ते मेक्सिकोत ओक्टाव्हियोच्या आईनेही पाहिलं म्हणे. ऐकून बरं वाटलं.

रामिरो आता मायदेशी मुलांना शिकवतो. जाताना त्याने मला ईश्वरीला दिलं. मी तिच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, हिवाळी टायरांशेजारी सुकत पडलोय. तेलाची बाटली हाताच्या अंतरावर आहे. कुणाला आठवत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना माया लावा, अंधाऱ्या कोपऱ्यात टाकू नका. आम्ही सगळं पाहत असतो. ईश्वरीताई, तुमचे उपकार आठवतात, म्हणून अजून डूख धरलेला नाही.