डाव्या हाताला तळं

आमच्या गावातून कालव्यांच्या शहरात जायला आगगाडीनं साडेतीन तास लागतात, आणि त्यातले दोन बोगद्यांत जातात. मी लोकांना मोटारीनं साडेसहा तासांत पोचवते आणि वर लोक माझेच आभार मानतात. यावरून काय ते समजा.

माझं ऑफिस तळ्याकाठच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा आणि खिडकीपाशी विणकाम घेऊन बसलेल्या सासूबाई. गाडी नवरा चालवतो, प्रवास मी आखते. नवरा इतका सावकाश चालवतो की सायकलवाले पुढे जाताना त्याला नमस्कार करतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली वीस मी त्याला "जरा दाबा की" म्हणण्यात घालवली.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हातानं लिहिलेला एक कागद देते. किती वाजता कुठं पोचणार, ऊन कुठल्या बाजूनं येणार, कुठल्या वळणावर पुस्तक मिटून बाहेर बघायचं. 'नऊ पस्तीस, डाव्या हाताला तळं. बोलणं थांबवा.' असं चक्क लिहिते मी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली मी नव्हे. प्रत्येक रस्ता स्वतः गाडी चालवून बघितल्याशिवाय कागदावर एक ओळ चढत नाही. त्यामुळे माझा कागद चुकत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

तर कप्तानकाकांचा प्रवास माझ्याकडे आला.

काकांनी चाळीस वर्षं आमच्या तळ्यावर बोट चालवली. सकाळी पलीकडे, संध्याकाळी अलीकडे. आता वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, उजवा गुडघा असा धरलेला की पाय वाकतच नाही. मुलगा कालव्यांच्या शहरात राहतो. त्यानं बापासाठी तळमजल्यावर खोली तयार ठेवली होती. काकांनी दोनदा जायचं ठरवलं आणि दोनदा ऐन वेळी मोडलं. दुसऱ्या वेळी तर सामान पुढे गेलं आणि हे मागे राहिले. थंडीत ते घरात पडले तेव्हा तीन तासांनी शेजारणीला कळलं होतं.

मुलाचा फोन आला. "ताई, या वेळी बाबा निघाले नाहीत तर पुन्हा निघणार नाहीत. आणि मी रोज रात्री फोन लावून, उचलतात का ते ऐकत बसणार. मला आता नाही जमत हो."

तो रडत नव्हता, पण फार लांबही नव्हता रडण्यापासून. मी म्हटलं, "बाबांना पोचवायची जबाबदारी माझी."

काकांनी येण्यासाठी एकच अट घातली. "पोरी, मी जन्मभर तळ्याच्या अंगावर राहिलो. लांबून कधी बघितलंच नाही. म्हणतात, घाटावरून ते सगळं एका नजरेत येतं. ते दाखव. दिसलं तर पुढे जाऊ. नाही दिसलं, तर गाडी वळवायची आणि मला घरी सोडायचं." घराची किल्ली गावातल्या पुतणीसाठी माझ्या हाती परत पाठवायची ठरली होती, पण ती त्यांनी खिशातच ठेवली. "तळं बघून झाल्यावर देईन," म्हणाले.

मला तर हसूच आलं. घाटातला तो दीड मैल माझ्या सगळ्या कागदांचा मानाचा तुरा! तिथं थांबता येत नाही, रस्ता अरुंद आहे आणि बघायच्या जागेवर चढायला चाळीस पायऱ्या आहेत. पण गाडीत बसल्या बसल्या तळं अख्खं दिसतं. मी लगेच कागद केला. नऊला निघायचं, म्हणजे घाटात पोचेपर्यंत धुकं उठलेलं असतं. मग पॉपलरच्या झाडांचा जुना रस्ता, मग दगडी पूल, मग नदीकाठी जेवण. साडेतीनला कालव्यांच्या शहराच्या वेशीवर, जिथं मोटारींचा रस्ता संपतो आणि बोटींचा धक्का लागतो. इतर बोटींत चार पायऱ्या उतरून पाय टाकावा लागतो. चारच्या मोठ्या बोटीला मात्र फळी लावतात, तिच्यावरून काकांना नेता येणार होतं. ती चुकली तर दुसरी फळीची बोट थेट दुसऱ्या दिवशी.

पाय वाकत नसल्यामुळे पुढची सीट बाद. मागच्या सीटवर आडवं बसायचं, पाठ एका दाराला आणि उजवा पाय सीटवर लांब. हे जमतं का बघायला मंगळवारी मी सासूबाईंनाच काका केलं. जुनी मासिकं गुंडाळून त्यांच्या उजव्या पायाला स्कार्फनं बांधली. पाठ उजव्या दाराला टेकवून बसवलं, तर पहिल्याच वळणावर पाय सीटवरून घसरला.

"अगं, मोडशील माझा पाय! खऱ्या कप्तानाआधी मलाच पोचवशील!"

मग फिरवून बसवलं, पाठ डाव्या दाराला. आता उजवा पाय सीटच्या पाठीला टेकला आणि घट्ट राहिला. प्रश्न मिटला. मी स्वतः गाडी हाकली, घाट चढले, तळं असं लखलखत होतं की मी शीळ घातली. घाटमाथ्यावरून वळून त्याच रस्त्यानं परत आलो.

"काय, कसं वाटलं?" मी विचारलं.

"जाताना डोंगर दिसला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तळं?"

"ते तुला दिसलं असेल. मला येताना दिसलं. छान आहे."

झालं. मी शंभर चांगल्या गोष्टी केल्या तरी या बाईंना एकशेएकावी खोट सापडणार. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं. खरं तर जरा मोठ्यानंच म्हटलं. सासूबाईंनी पायाची मासिकं सोडली, नीट घडी करून मला दिली आणि विणायला घेतलं.

बुधवारी दुपारी कागद द्यायला मी काकांकडे गेले. घर जवळजवळ रिकामं होतं. भिंतीवर जिथं तसबिरी होत्या तिथं फिकट चौकोन राहिले होते. खिडकीखाली एक लांब बाक, त्यावर काका बसलेले. बाकाच्या डावीकडच्या दांडीला पाठ, उजवा पाय बाकाच्या पाठीलगत लांब केलेला. अगदी गाडीत बसायचं होतं तसे. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"डाव्या हाताला तळं," ते म्हणाले, आणि मुलांना शिकवताना करतात तसा डावा हात सरळ बाजूला केला. "इथं."

मी त्या हाताकडे बघत राहिले. गाडीत तो हात जिथं गेला असता तिथं माझ्या नवऱ्याची मान होती. समोर डोंगर. आणि तळं? तळं बरोबर त्यांच्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे. या वयात आणि या मानेनं ते मागे वळून काय बघणार! चाळीस वर्षांचं तळं त्यांच्या पाठीला घासून गेलं असतं आणि त्यांनी दीड मैल दगड बघितले असते.

बावीस वर्षं मी रस्ते बघितले ते सगळे चाकामागून, तोंड पुढे करून. मागच्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझे कान तापले. लाजेनं तापले, दुसरं काही नाही.

"तू म्हणतेस तर दिसणारच," काका कागदाची घडी घालत म्हणाले.

मी तो कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "एक ओळ राहिलीय. सकाळी देते."

घरी आले ती तडक गाडीत मागे जाऊन बसले. पाठ डाव्या दाराला, उजवा पाय लांब. समोरच्या काचेतून शेजाऱ्यांची भिंत दिसत होती. खिडकीतून सासूबाई बघत होत्या, पण बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

नवरा म्हणाला, "काकांना सांगून टाकू या."

"काय सांगू? की मला डावं-उजवं कळत नाही? ते लगेच म्हणतील, बरं झालं, राहू दे. त्यांना निमित्तच हवंय."

"मग मागची सीटच काढून उलटी लावू या."

"एका रात्रीत?"

मी नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. दुसरा रस्ता नाही. डोंगराखालून मोटारींचा बोगदा जातो तो घाटमाथ्याच्या पलीकडे निघतो, पण त्यात तळं कुठलं दिसायला! मी डोकं धरून बसले. आणि तेव्हा मंगळवारचे शब्द आठवले. येताना दिसलं. छान आहे.

घोडं इथं पेंड खात होतं! चढताना तळं डावीकडे, म्हणजे उतरताना उजवीकडे. तळं हलत नव्हतं, काकाही फिरवता येत नव्हते, पण गाडी तर फिरवता येत होती. बोगद्यानं पलीकडे निघायचं, घाटमाथ्यावर यायचं, घाट गावाकडे उतरायचा, तळं समोरच्या काचेत घेऊन. मग पायथ्याशी वळून पुन्हा बोगदा आणि सरळ हमरस्ता.

"हा कसला द्राविडी प्राणायाम," नवरा म्हणाला.

"तासभर जास्त. तो मी काढते." मी पेन्सिल घेतली आणि पॉपलरचा रस्ता कापला. दगडी पूल कापला. नदीकाठचं जेवण कापून डबा आणि पंधरा मिनिटं लिहिलं. एरवी यातली एक ओळ कापायला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. त्या दिवशी सटासट कापलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. बसत होतं.

मग सासूबाईंच्या खोलीत गेले. "आई, तुमचं बरोबर होतं."

"कशाबद्दल?" त्या म्हणाल्या. त्यांना चांगलं माहीत होतं.

"तळ्याबद्दल."

"असू दे. अंगणच वाकडं असेल," त्या म्हणाल्या, आणि सुई पुढे चालू ठेवली.

गुरुवारी बरोबर नऊला निघालो. मी पुढे नवऱ्याशेजारी बसले, काका मागे. बोगद्यात शिरलो. बाहेर पडून गाडी पुन्हा गावाच्या दिशेनं वळली तेव्हा काका म्हणाले, "हे काय, आधीच परत निघालो?"

"काका, आता समोर बघा. बोलू नका."

शेवटचं वळण आलं आणि डोंगर बाजूला झाला. धुकं नुकतंच उठलेलं. तळं खाली सगळंच्या सगळं पसरलं होतं, दोन्ही टोकं, मधलं बेट, पलीकडचा धक्का. नवऱ्यानं गाडी माणसाच्या चालीवर आणली. मागून एकानं भोंगा वाजवला. नवऱ्यानं ढिम्म लक्ष दिलं नाही, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी "दाबा की" म्हटलं नाही.

मी आरशातून काकांकडे बघत होते. त्यांनी एकदा डोळे पुसले, पुन्हा तळ्यावर लावले. मग हात उचलला, तळवा डोळ्यांसमोर धरला आणि एक डोळा मिटला. तळवा काढला, पुन्हा धरला.

"एवढंसंच?" ते म्हणाले.

बाकी सगळ्याची तयारी मी केली होती, उन्हाची, धुक्याची, पायाची. तळं छोटं वाटलं तर काय करायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. दीड मैल संपला, झाडी आली, आम्ही पायथ्याशी पोचलो. समोर फाटा. डावीकडे बोगदा, उजवीकडे दोन मैलांवर त्यांचं घर. नवऱ्यानं गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"काका, कुठं घेऊ?" त्यानं विचारलं. मी जीभ चावून गप्प बसले. माझ्यासारखीनं गप्प बसणं काय असतं ते मलाच ठाऊक.

काकांनी खिशावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ती फळीची बोट किती वाजता म्हणालात?"

"चारला."

"मग इथं काय उभे आहात?"

नवऱ्यानं गाडी दाबली. देवाशपथ सांगते, दाबली.

तीन पंचेचाळीसला आम्ही धक्क्यावर होतो. मुलगा फळीपाशी उभा होता, दोन्ही हात पुढे करून, लहान मुलाला घेतात तसे. काकांनी त्याच्या खांद्यावर एक हात ठेवला, पण आधी बोटीचा दोर बघितला आणि बोटवाल्याला म्हणाले, "सैल आहे. आवळ." बोटवाल्यानं मुकाट्यानं आवळला.

मग ते माझ्याकडे वळले. खिशातून किल्ली काढली, माझा हात धरला आणि ती तळव्यावर ठेवली.

"पोरी, मला चाळीस वर्षं वाटायचं, एवढं मोठं तळं टाकून माणूस जाईल कसा," ते म्हणाले. त्यांनी माझी बोटं किल्लीवर मिटवली. "हातात मावतंय की."