जे जे लोकरीचं, ते ते मऊ

मित्रांनो, मी एक जुनी बसायची गादी आहे. स्पितीच्या डोंगरात भिक्षुणींचा एक मठ आहे. तिथल्या वादाच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या सवाल-जवाबाच्या, अंगणात माझं आयुष्य गेलं. वादात उत्तर देणारी खाली बसते, आणि प्रश्न विचारणारी समोर उभी राहून टाळी वाजवते. बसणारीचा सगळा भार माझ्यावर.

नवी होते तेव्हा मेंढीच्या लोकरीने टम्म फुगलेली होते. मला धरण्यासाठी मुली पहाटे अंगणात धावत यायच्या. पण बसून बसून लोकर आतल्या आत गच्च झाली, तिच्या टणक गाठी झाल्या आणि माझी रवानगी जळणाच्या खोलीत झाली.

मग पाल्किद आली. पन्नाशी उलटलेली, जन्मभर याक राखलेली, नुकतीच अक्षरओळख झालेली. सगळ्यांच्या मागून आली म्हणून सगळ्यांनी टाकलेली गादी तिला मिळाली.

वादात उत्तरं ठरलेली असतात. पटलं तर "मान्य". दिलेलं कारणच खरं नसेल तर "हेतू असिद्ध". कारण खरं, पण ते असेल तिथे प्रत्येक वेळी सिद्ध करायची गोष्टही असेलच असं नाही, तर "व्याप्ती नाही". पाल्किदला हे सगळं कळत होतं. माझ्यावर बसून ती पुटपुटायची, तेव्हा उत्तर अचूक असायचं. पण समोर माणूस आलं की तोंडातून "मान्य"च निघे.

तिची भाची यांगडोल तिच्याच वर्गात होती. तिने एकदा टाळी वाजवली. "आत्या, नदी बर्फ आहे. कारण ती थंड आहे."

"मान्य."

"मग सकाळी भांडी बर्फात घासलीस होय गं?"

अंगण खदखदून हसलं. यांगडोल जवळ येऊन बसली. "नाही म्हणायला तुझं काय जातं?"

"भावाची मुलगी तू. तुझं मन कशाला मोडू?"

"मोड की. मोडायलाच तर जमतो इथे. उद्या आपल्या गुरू, गेन-ला, स्वतः विचारणार आहेत. त्यांनाही मान्य म्हणालीस तर वर्ग सुटला तुझा. मग जन्मभर स्वयंपाकघरात चहात लोणी घुसळत बस."

 पाल्किदने माझी कड मुठीत घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी गुरू गेन-ला समोर उभ्या राहिल्या. मठात त्यांच्यापुढे कोणी मान वर करत नसे. त्यांची टाळी कडाडली. "तुझी शाल मऊ आहे. कारण ती लोकरीची आहे."

शाल लोकरीची होती, मऊही होती. "मान्य" तिच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात तिने बूड हलवलं, आणि मी तिला टोचले.

"व्याप्ती नाही," पाल्किद म्हणाली.

गेन-ला एक पाऊल पुढे आल्या.

"शाल मऊ नाही?"

"शाल मऊ आहे, गेन-ला. पण लोकरीची आहे म्हणून नाही. लोकरीचं सगळंच मऊ नसतं."

"दाखव."

ती उठली. मला दोन्ही हातांनी उचलून तिने गुरूंपुढे ठेवलं. "ही लोकरीची आहे. बसून बघा."

गेन-ला बसल्या. जरा सरकल्या. पुन्हा सरकल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मान्य," त्या म्हणाल्या.

सगळ्यांत मोठी टाळी यांगडोलची होती.

मित्रांनो, पाल्किद आता नव्या मुलींना शिकवते आणि पहिला धडा माझ्यावर बसवून देते. तुम्ही कधी आलात तर मला उन्हात ठेवा, माझी धूळ झटका, उसवले तर टाका घाला. फक्त माझी लोकर पिंजून मला मऊ करू नका. अजून पुष्कळ जणींना "नाही" म्हणायला शिकायचं आहे.