रंगावर बसलेली काळी वायर

मोटारीच्या पत्र्यावरचा रंग किती जाड असतो? डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी उंची होईल, साधारण तेवढा. मित्रांनो, मी कितीतरी वर्षे त्या एवढ्याशा उंचीवर बसून काढली आणि खालच्या पत्र्याला कधी टेकलेच नाही.

मी एक जुनी काळी वायर आहे. लांबीने हातभर, जाडीने करंगळीएवढी. एका निळ्या मोटारीच्या डिकीत, कार्पेटखाली माझा मुक्काम असतो. माझे एक टोक ॲम्प्लिफायरला जोडलेले आहे. दुसऱ्या टोकाला एक गोल कडी आहे आणि ती बोल्टने गाडीच्या पत्र्यावर आवळलेली आहे.

कारखान्यात तांब्याची जाड कांब ओढून ओढून केसासारख्या तारा केल्या, त्यांना पीळ दिला आणि वर काळे कवच चढवले, तेव्हा माझा जन्म झाला. शेजारच्या यंत्रातून लाल वायर निघत होती. दोघींच्या पोटात तांबे तेच. रंगावरून मात्र आमची कामे वेगळी ठरली. लाल वायर बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज आणते. मी ती परत पाठवते.

आलेल्या विजेला परत का जावे लागते, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. हळूहळू उत्तर कळले. वीज मुक्कामाला येत नाही, फेरी मारायला येते. बॅटरीतून निघालेली वीज बॅटरीत परत पोचली, तरच ती वाटेत काम करते. आणि गंमत अशी की, परतीसाठी लांबलचक वायर ओढावी लागत नाही. मोटारीचा सगळा पत्राच तिचा रस्ता असतो. मला फक्त तिला त्या पत्र्यावर नेऊन सोडायचे असते.

गाणे येते ते तिसऱ्याच वायरीतून. ती बारीक आणि नाजूक असते. बाहेरची गडबड आत शिरू नये म्हणून तिच्या अंगावर तारांची जाळी पांघरलेली असते. तिच्यातला इवलासा आवाज ॲम्प्लिफायर मोठा करतो. जे येईल ते मोठे करतो, बरे का! चांगले-वाईट निवडणे त्याला जमत नाही.

आमच्या गाडीचे मालक मोटारींना रंग देतात. ही निळी गाडी त्यांनी भंगारातून उचलून आणली आणि आतून-बाहेरून स्वतः रंगवली. डिकीचा तळसुद्धा सोडला नाही. त्यांच्या शेडला लागून धाकट्या बहिणीचे वायरिंगचे दुकान आहे. मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत. त्यामुळे दोघांना भांडायला उठून जावे लागत नाही.

आम्हां सगळ्यांना गाडीत बसवले ते या बहिणीने. शेवटचा माझा बोल्ट राहिला होता, तेवढ्यात तिला गिऱ्हाइकाने हाक मारली.

"दादा, एवढा एक बोल्ट आवळ. आधी त्याच्या खालचा रंग घासून काढ. पत्रा चकाकला पाहिजे."

"आता तू मला पत्रा घासायला शिकव!" ते म्हणाले.

त्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला. खाली वाकले. ताज्या निळ्या रंगात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. हात तिथेच थांबला. मग पेपर खिशात गेला, मला रंगावरच ठेवले आणि बोल्ट मात्र जीव खाऊन आवळला. वर कार्पेट आले. मला वाटले, असेच असते.

आमचा संसार सुरू झाला. दणक्याची गाणी वाजत. लोक स्पीकरचे कौतुक करत, ॲम्प्लिफायरची किंमत विचारत. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि मला त्याचे फारसे काही वाटलेही नाही. एकच गोष्ट चमत्कारिक वाटे. माझ्यातून जाणारी वीज कडीपाशी घुटमळायची. बोल्टच्या आट्यांमधून थोडीशी खाली झिरपायची. बाकीची कुठे जात होती?

मालकांची मुलगी मोठी झाली. तिचे कान फार तिखट. आत्या तिला 'कानसेन' म्हणायची. गाणी नव्हे, आवाज टिपण्याचा तिला नाद होता. दुसऱ्या शहरात ध्वनिमुद्रण शिकवणारी एक संस्था होती. प्रवेशासाठी त्यांनी कामाचा नमुना मागितला होता. तिने बाबांच्या शेडमधले आवाज टिपले. ओला पॉलिश पेपर पत्र्यावरून फिरतो ती सळसळ, मग थांबलेला हात, मग स्प्रे गनचा लांब श्वास. फार हळू, फार शांत काम होते ते.

पण जायचे की नाही, हे ठरायचे होते बाबांच्या शब्दावर. आणि बाबा म्हणत, "बघू."

बाबा काही ऐकायचे ते फक्त गाडीत, रंग आणायला जाताना. "कानात ती बोंडं घालून मला काही ऐकू येत नाही," म्हणायचे. तिने गाडीत आपले काम लावले. थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला आठी घातली.

"मागे शिट्टी वाजतेय गं."

तिलाही ऐकू आली. बारीक, चिवट शिट्टी. रोजच्या गाण्यांत ती कधी ऐकू आली नव्हती, म्हणून तिला दोष आपल्याच कामाचा वाटला. शेडमध्ये तिने पुन्हा सारे टिपले. गाडीत पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"तिकडे एकाहून एक तयार पोरं असतील," बाबा म्हणाले. "त्यांच्यापुढे ही शिट्टी घेऊन जाणार का तू?"

माईक डब्यात घालून तिने कपाटावर ठेवून दिला.

एका दुपारी शेडसमोर उभ्या गाडीत आत्या तिच्या शेजारी येऊन बसली.

"माईक कपाटावर का चढला?"

"माझं काम खराब आहे, आत्या. शिट्टी येते."

"ऐकव बघू." आत्याने डोळे मिटून सगळे ऐकले. "कुठंय शिट्टी?"

मुलगी गोंधळली. "आत्ता नाहीये. बाबा असले की येते."

"म्हणजे दादाच वाजवतो की काय?"

दोघी हसल्या. तेवढ्यात बाबा हात पुसत आले. आत्याने त्यांना गाडी चालू करायला लावली. इंजिन घरघरले आणि शिट्टी आली. ॲक्सिलरेटर दाबला, शिट्टी वर चढली. पाय सोडला, खाली उतरली.

"ही पोरीची नाही, दादा," आत्या म्हणाली. "तुझ्या गाडीची आहे."

मग तिने शोध सुरू केला. लाल वायर पाहिली, फ्यूज पाहिला, गाण्याची वायर हलवून पाहिली. शेवटी मीटरची एक तार माझ्या ॲम्प्लिफायरकडच्या टोकाला लावली आणि दुसरी डिकीच्या कुलपाजवळच्या उघड्या पत्र्याला. "विजेची वाट मोकळी असेल, तर इथे काटा हलायला नको," ती म्हणाली. काटा हलला. तिने कार्पेट उचलले. माझ्या कडीखाली निळा रंग लखलखत होता.

"दादा! तू घासलं नव्हतंस?"

"नवा रंग होता गं."

"कार्पेटखाली कोण बघणार होतं?"

"मी."

"मग बघ आता डोळे भरून."

आत्या मुलीला समजावू लागली आणि मलाही माझे कोडे उलगडले. रंगातून वीज जात नाही. माझी वाट अडल्यामुळे उरलेली वीज गाण्याच्या वायरीवरल्या जाळीतून परतत होती. इंजिनाजवळ वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरतो. त्याच्या विजेत जी बारीक थरथर असते, ती तिथे गाण्यात मिसळत होती. ॲम्प्लिफायर बिचारा तीही मोठी करत होता. दणक्याच्या गाण्यांत ती बुडून जाई, पण शांत आवाजात लपणार कुठे?

"मी तीनदा टिपलं, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाबांना तेच सोसले नाही.

आत्याने पान्हा उचलला. त्यांनी तो तिच्या हातून घेतला. मला सोडवले आणि स्वतः पॉलिश पेपर फिरवला. नाण्याएवढी जागा पांढरी चकचकीत झाली. मग माझी कडी तिथे बसली, आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा पत्र्याला टेकले! घुटमळणारी वीज सरळ खाली उतरली.

"आता वरून लाव हवा तेवढा रंग," आत्या म्हणाली. "गंज तरी चढणार नाही."

तुमच्या घरी एखादे यंत्र कुरकुरू लागले, तर आधी त्याचे झाकलेले सांधे उघडून बघा. ते घट्ट आणि स्वच्छ ठेवा. आणि यंत्राच्या कुरकुरीचा दोष कुणा माणसाच्या कामावर टाकण्याआधी थोडे थांबा. माझे एवढेच मागणे आहे.

बाबा पुढच्या सीटवर बसले. इंजिन चालू ठेवून त्यांनी मुलीचे काम लावले. सळसळ आली. हात थांबला, आणि त्या थांबण्यात काहीच वाजले नाही. आपलाच हात त्यांनी कधी असा ऐकला नव्हता. स्प्रे गनचा श्वास संपला तरी ते स्टिअरिंग धरून बसून होते.

"शिट्टी नसती, तरी मी 'बघू'च म्हणालो असतो," ते मुलीकडे न पाहता म्हणाले. "घर ओकंबोकं होईल म्हणून." मग मान वळवली. "तू जा शिकायला."