अक्षर माझं, शब्द नव्हे

कॉमिक्सच्या छापखान्यात तिला सगळे टाकवाली म्हणायचे. लेखक गोष्ट लिहून मोकळा व्हायचा, चित्रकार चित्रं काढून. पात्रांच्या तोंडापुढचे रिकामे फुगे बोलके करायचे ते टाकवालीने, हाताने, शाईत टाक बुडवून. राक्षस बोलला की अक्षर जाड आणि दातेरी, आजी बोलली की शिरोरेघ किंचित थरथरती. लेखकाने चार शब्द जास्त लिहिले की फुग्याखाली नायकाचं नाक झाकलं जायचं आणि बोलणी तिलाच बसायची. एकोणतीस वर्षं तिने हे केलं.

मग कॉम्प्युटर आला आणि संपादकांनी तिला घरी बसवलं. निघताना तिच्याकडून मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं असे आठ ताव लिहून घेतले. आठवण म्हणून ठेवतो, म्हणाले. तिनेही मन लावून लिहून दिले.

तिचा थोरला भाऊ काचेच्या कारखान्यात नळीने फुंकून बरण्या बनवायचा. दोन वर्षांनी त्या कारखान्यात संप झाला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी भिंतीभिंतीवर पोस्टर लागलं. त्यात एक ढेरपोट्या कामगार खाटेवर लोळत होता, आणि त्याच्या तोंडापुढच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘काम मालकाने करावं, मजा मात्र आम्ही मारावी.’ भाऊ जागीच थिजला. अक्षर त्याच्या बहिणीचं होतं. त्याच्या लग्नाची पत्रिकाही त्याच अक्षरात होती.

तो तिच्याकडे आला नाही. वहिनी आली. उंबऱ्यातूनच तिने पोस्टर आत टाकलं.

"पोटासाठी लिहिलंत म्हणावं, तर तुमचं पोट भरलेलं आहे," एवढं बोलून ती निघून गेली.

टाकवालीने कागद उचलला. र ची ती शेपटी तिचीच, काना देताना हात सुटायचा तोही तिचाच. पण हे तिने लिहिलं नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं. पोस्टरवरचे सगळे म एकमेकांचे जुळे भाऊ होते. तिच्या हातून जन्मात दोन म सारखे उतरले नव्हते. तेव्हा कुठे तिला त्या आठ तावांचा अर्थ कळला, आणि अंगाची लाहीलाही झाली.

ती तशीच संपादकांकडे गेली. ते शांतपणे म्हणाले की तिचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घातलंय, आता कोणीही ते विकत घेऊन हवं ते लिहू शकतं, आणि खरं तर तिने याचा अभिमान बाळगावा.

"मला विचारलं होतं?"

"अहो ताई, अक्षर काय कोणाच्या बापाचं असतं?"

"माझ्या हाताचं आहे ते. त्याच हाताने तुम्ही माझ्या भावाच्या थोबाडीत मारलीत."

तिने ताव परत मागितले. ते केव्हाच रद्दीत गेले, असं सांगून त्यांनी घंटी वाजवली आणि तिला बाहेर नेऊन सोडायला शिपायाला सांगितलं.

तिथून ती घरी न जाता, वाटेत टाक, शाई आणि कागद घेऊन, थेट कारखान्याच्या फाटकाशी गेली. भावाने तोंड फिरवलं. कोणीतरी मागून शिवी हासडली. तिने ऐकून घेतली, पोस्टर त्याच्या पुढ्यात पसरलं आणि शेजारच्या कागदावर तेच वाक्य लिहिलं.

"दादा, आधी यातले म बघ. मग माझे बघ."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. शेवटी पोस्टरवर बोट आपटत सोबत्यांना म्हणाला, "हा साच्यातला माल आहे. फुंकलेला नाही."

माफी त्याने मागितली नाही. बाकावर सरकून तिला जागा करून दिली. संध्याकाळपर्यंत तिने कामगारांच्या बाजूची अकरा पोस्टरं लिहिली, बोटं वळेनाशी होईतो.

संप अर्ध्या मागण्यांवर मिटला. अक्षराची विक्री मात्र थांबली नाही. अजूनही एखाद्या दुकानाच्या पाटीवर ते दिसलं की ती आत शिरते आणि मालकाला सांगते, हे माझं आहे आणि मी दिलेलं नाही. बहुतेक जण हसतात. भाऊ बरोबर असला की हसत नाहीत.